पहिल्या सेशनला जाताना: खासगी थेरपिस्टकडे नेमकं होतं काय?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो, तेवढं काढलंय. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

[००:००]

लोकलमध्ये उभे असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर रात्री झोप येत नाही म्हणून अंधारात ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

मागचे काही दिवस एकाच विषयावर व्हॉइस नोट येताहेत. त्यातल्या दोन आज घेतोय.

पहिली नाशिकहून, एका मुलीची. ती म्हणते, "थेरपिस्टचा नंबर मैत्रिणीकडून घेतला त्याला तीन महिने झाले. मी मेसेज टाइप करते आणि पुसून टाकते. मला कळतच नाही तिथे गेल्यावर काय करतात. ती विचारणार, काय होतंय? आणि मी म्हणणार, काही नाही. मग?"

दुसरी सोलापूरच्या एका दादाची. "एकदा गेलो होतो. तासभर माझीच माहिती विचारली. घरी कोण कोण, झोप कशी, जेवण कसं. हजार रुपये घेतले आणि उपाय एक सांगितला नाही. परत गेलो नाही."

दोघांची अडचण मला एकच वाटते. पहिलं सेशन म्हणजे उपचार, असं दोघांनी धरलंय. एकीला त्या उपचाराची भीती वाटते आणि दुसऱ्याला तो मिळालाच नाही असं वाटतं. खरं तर पहिल्या दोन-तीन भेटींत उपचार जवळपास नसतोच. ती ओळख असते, आणि दोन्ही बाजूंनी असते. थेरपिस्ट तुम्हाला समजून घेत असते, आणि तुम्हीही तिला पारखायचं असतं. हे दुसरं आपल्याला कोणी सांगत नाही. डॉक्टरसमोर गप्प बसायची सवय लागलेली असते ना.

आधीच सांगतो, मी थेरपिस्ट नाही. दोन वर्षं त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलोय, एवढाच माझा अधिकार.

[०३:२०] पाटीवर काय लिहिलंय ते वाचा

मेसेज पाठवायच्या आधी पाच मिनिटांचं एक काम करा. आपण ज्याला सरसकट "थेरपिस्ट" म्हणतो, त्यात निदान तीन प्रकारची माणसं येतात.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएस करून पुढे सायकियाट्रीत एम.डी., डीएनबी किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर. औषध लिहून द्यायचा अधिकार यांना आहे. यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. वगैरे करून पुढे क्लिनिकलचं खास प्रशिक्षण घेतलेले. आजवर हे बहुधा एम.फिल. असायचं, काहींचं साय.डी. असतं. यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडे असते आणि त्यांना एक सीआरआर नंबर मिळतो. तो नंबर विचारण्यात काहीही वावगं नाही. चांगली माणसं तो लेटरहेडवरच छापतात.

आणि मग समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर. इथे खरा गोंधळ आहे. टाटा इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी दोन वर्षं शिकलेले, वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेले अतिशय उत्तम समुपदेशक आपल्याकडे आहेत. आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून इन्स्टाच्या बायोमध्ये "माइंड कोच" लिहिणारेही आहेत. बाहेरून दोन्ही पाट्या सारख्याच दिसतात. २०२१ साली अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी केंद्राचा एक कायदा झाला, त्यात समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञही येतात. पण कायदा झाला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पाटीमागे नोंदणी आली, असं होत नाही. तोवर पारखायचं काम आपलंच.

विचारायचं तरी काय? तुमचं शिक्षण काय आणि कुठून झालं? माझ्यासारख्या त्रासाच्या लोकांसोबत तुम्ही काम केलंय का? तुमची पद्धत कोणती? आणि माझा एक आवडता प्रश्न, तुम्ही स्वतः सुपरव्हिजन घेता का? म्हणजे आपल्या केसेसबद्दल, नाव न सांगता, एखाद्या अनुभवी थेरपिस्टशी नियमित बोलता का? या प्रश्नावर एखाद्याच्या कपाळाला आठी पडली, तर मी पुढचा नंबर बघेन.

पद्धतीबद्दल दोन शब्द. सीबीटी हे नाव ऐकलं असेल, विचार आणि वागणं यांच्यावर काम करणारी पद्धत. तिचीच मोठी बहीण म्हणजे अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती. महाराष्ट्रात ती चांगलीच रुजली आहे, कारण कि. मो. फडके यांनी वर्षानुवर्षं ती इथे शिकवली आणि मराठीतही आणली. शिवाय भूतकाळात, बालपणात खोल जाणाऱ्या पद्धती आहेत. आणि बरेचजण थोडं इकडचं, थोडं तिकडचं घेऊन काम करतात. तुम्ही अभ्यास करून जायची गरज नाही. फक्त त्यांना त्यांची पद्धत साध्या भाषेत सांगता येते का, ते बघा.

[०८:४५] "काही नाही" म्हणालात तरी चालतं

आता नाशिकच्या मैत्रिणीचा प्रश्न.

"डिअर जिंदगी" आला २०१६ ला. त्यात शाहरुख खान आलिया भटला गोव्याच्या समुद्रावर फिरायला नेतो, लाटांशी कबड्डी खेळायला लावतो. त्या सिनेमानं एक फार चांगलं काम केलं, घराघरांत थेरपी हा शब्द पोचवला. पण समुद्राची अपेक्षा ठेवू नका. प्रत्यक्षात दोन खुर्च्या, एक टिश्यूचा डबा आणि भिंतीवर एक घड्याळ असतं. घड्याळ अशा ठिकाणी असतं की दोघांनाही दिसावं, कारण सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं आणि ते वेळेवर संपतं. तुम्ही रडत असलात तरी. हे सुरुवातीला कोरडं वाटतं, पण पुढचा माणूस बाहेर बसलेला असतो.

आधी एक फॉर्म येतो, हल्ली बहुतेक वेळा गूगल फॉर्म. नाव, वय, पूर्वीचे आजार, चालू औषधं, आणि अडीअडचणीला कोणाला फोन करायचा त्याचा नंबर. हा शेवटचा रकाना बघून पुष्कळजण तिथेच थांबतात, कारण आईबाबांचा नंबर द्यायचा नसतो. मग देऊ नका. मित्राचा द्या, बहिणीचा द्या, रूममेटचा द्या. फक्त त्या माणसाला आधी सांगून ठेवा. त्यासोबत एक संमतिपत्र असतं. फी किती, सेशन रद्द करायचं तर किती तास आधी कळवायचं, गुप्ततेचे नियम काय, हे त्यात असतं. आपण ॲप डाउनलोड करताना जसं न वाचता "ॲग्री" दाबतो, तसं इथे करू नका. दोनच पानं असतात.

मग ती विचारेल, "इथे यावंसं का वाटलं?" किंवा "आत्ताच का?" त्यावर "माहीत नाही" हे उत्तर पूर्णपणे चालतं. "काही नाही" हेही चालतं. त्यांना अशी उत्तरं रोज ऐकायला मिळतात. पुढचे प्रश्न सोपे असतात, सोलापूरच्या दादांना विचारले तेच. झोप कशी लागते? भूक? घरी कोण कोण? दिवसभर काय करता? दारू, सिगारेट? पूर्वी कधी असं झालं होतं का? कधी जगणंच नको वाटलं का?

दादा, त्या तासात तुम्हाला काही मिळालं नाही असं वाटलं, ते कळतंय. पण झोपेचा प्रश्न टाइमपास नसतो. रात्री दोनपर्यंत झोपच येत नाही आणि पहाटे चारला जाग येते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या दिशेनं बोट दाखवतात. घरी कोण आहे हे विचारण्यामागे, तुमच्या बाजूनं उभं राहणारं कोणी आहे का, हे शोधणं असतं. गाडी बंद पडली तर मेकॅनिकही आधी विचारतो, शेवटची सर्व्हिसिंग कधी केली, आवाज कुठून येतोय. तिथे आपण चिडत नाही.

पण एक तक्रार तुमची रास्त आहे. सेशन संपताना पाच मिनिटं काढून, "मला आत्तापर्यंत हे असं समजलंय, पुढे आपण असं असं करू," एवढं तरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही तर आपणच विचारायचं, "तुम्हाला काय वाटतंय? आणि पुढच्या चार भेटींत आपण काय करणार?"

काही ठिकाणी छोट्या प्रश्नावल्या भरून घेतात. पीएचक्यू-नाइन ही नऊ प्रश्नांची, उदासीसाठी. जीएडी-सेव्हन ही सात प्रश्नांची, चिंतेसाठी. दोन्हीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. या परीक्षा नाहीत आणि त्यातल्या आकड्यावरून एकट्यानं स्वतःचं निदान करायचं नसतं. महिन्याभरानं परत भरल्या की फरक पडतोय का ते दिसतं, हा त्यांचा मुख्य उपयोग.

[१४:३०] भाषेचं काय?

यावर जरा थांबणार आहे, कारण यावर फारसं कोणी बोलत नाही.

बहुतेक थेरपिस्टांचं शिक्षण इंग्रजीतून होतं. पुस्तकं इंग्रजी, केसेस इंग्रजी. आणि आपणही रील बघून बघून ट्रॉमा, ट्रिगर, टॉक्सिक, बाउंड्री हे शब्द उचललेत. मग होतं काय, आपण खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "आय थिंक आय हॅव अँग्झायटी." वाक्य बरोबर असतं, पण त्यात आपण नसतो. तेच मराठीत म्हणा बरं. जीव खालीवर होतो. पोटात गोळा येतो. छातीवर कोणी बसलंय असं वाटतं. कशातच मन लागत नाही. आतून कोंडल्यासारखं होतं. आता बघा, या प्रत्येक वाक्यात शरीरातली एकेक जागा आहे, आणि "अँग्झायटी" या एका शब्दात ती सगळी गायब झाली होती. चांगल्या थेरपिस्टला ती जागाच हवी असते.

आणि भांडण कुठल्या भाषेत झालं होतं? बाबा जे बोलले ते त्यांच्या शब्दांत सांगितल्याशिवाय त्याची धार समजत नाही. ते वऱ्हाडीत बोलले असतील, मालवणीत, अहिराणीत, तर तसंच सांगा. शिवीही तशीच सांगा, त्यांचे कान विटाळत नाहीत. "ही इज व्हेरी क्रिटिकल ऑफ मी" आणि "ह्याच्यानं काय व्हनार नाय" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये विचारा, मराठीतून सेशन घेता का? पुण्या-मुंबईत बसून तुम्ही लातूरच्या थेरपिस्टशी ऑनलाइन बोलू शकता, आणि तुमच्या अमेरिकेतल्या, दुबईतल्या मित्रांना हीच गोष्ट आणखी लागू आहे. तिथल्या मित्रांनी एवढं बघावं की आपण राहतो त्या देशात परदेशातल्या थेरपिस्टकडून सेशन घ्यायला तिथले नियम परवानगी देतात का. काहींना मात्र उलट हवं असतं. इंग्रजीत बोललं की थोडं अंतर राहतं आणि अवघड गोष्ट सांगता येते. तेही ठीक. कुठल्या भाषेत आपण खोटं कमी बोलतो, ते ज्याचं त्याला माहीत असतं.

[१९:१०] आईला सांगतील का?

सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच.

तुम्ही १८ वर्षांच्या वर असाल तर थेरपिस्टनं तुमच्या परवानगीशिवाय घरी काहीही सांगायचं नसतं. फी बाबा भरत असले तरीही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. दुसऱ्या कोणाला इजा होण्याची शक्यता, जिवाला धोका, कोर्टाचा आदेश, अशा वेळी आवश्यक तेवढीच माहिती देता येते. हे अपवाद पहिल्याच भेटीत थेरपिस्टनं स्वतःहून सांगायला हवेत. नाही सांगितले तर विचारा.

१८ च्या आतल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी नियम वेगळे आहेत. पालकांची संमती लागते. पण संमती लागते म्हणजे प्रत्येक शब्द पालकांना कळतो असं नाही. काय सांगायचं आणि काय नाही, हे तिघांनी मिळून सुरुवातीलाच ठरवायचं असतं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, थेरपिस्टलासुद्धा.

"मरावंसं वाटतं असं म्हटलं तर लगेच ॲडमिट करतील का? पोलीस येतील का?" नाही. असा विचार मनात येणं हा गुन्हा नाही. त्या २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ तर असं सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानायचं, आणि तिच्या उपचारांची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. तुम्ही असं म्हणालात तर थेरपिस्ट शांतपणे आणखी प्रश्न विचारेल. किती वेळा येतो हा विचार? काही ठरवलंय का? जवळ काही साधन आहे का? मग तुमच्यासोबत बसून एक योजना लिहून काढेल. अवघड रात्री कोणाला फोन, काय दूर ठेवायचं, कुठे जायचं. धोका अगदी जवळ आहे असं दिसलं तरच ती आणखी कोणाला तरी सामील करेल, आणि बहुधा तुम्हाला सांगूनच.

आणि आत्ता, या क्षणी तसं वाटत असेल, तर पुढच्या गुरुवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. किंवा कोणाला तरी सोबत घेऊन सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

छोट्या गावातल्या मंडळींची वेगळीच पंचाईत असते. जळगाव, सांगलीसारख्या ठिकाणी थेरपिस्ट एखाद्या लग्नात भेटू शकते! अशा वेळी ती आपणहून ओळख दाखवत नाही, हा त्यांचा रिवाज आहे. तुम्ही हसलात तर ती हसेल. तिनं नजर वळवली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आणि थेरपिस्ट आईची मैत्रीण असेल, तर ती तुम्हाला घेणार नाही, दुसऱ्या कोणाचं नाव देईल. घेतलंच, तर तुम्ही नको म्हणा.

[२४:५०] पैशांचं बोलू

पुण्या-मुंबईत खासगी सेशनची फी ढोबळमानानं हजार ते अडीच हजारांच्या घरात असते. कमी घेणारे आहेत, याहून बरेच जास्त घेणारेही आहेत. आठवड्याला एक धरलं तर महिन्याला चार. पहिली नोकरी, भाडं आणि हा खर्च, झेपत नाही, मान्य. काही थेरपिस्टांकडे स्लायडिंग स्केल असतं, म्हणजे ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे कमी फीच्या थोड्या जागा. मेसेजमध्ये सरळ विचारा, लाजू नका. त्यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे. दोन आठवड्यांनी एक सेशन घेता येईल का, हेही विचारता येतं. सुरुवातीला दर आठवड्याला जमलं तर बरं, कारण पंधरा दिवसांच्या अंतरानं अर्धा वेळ "मधे काय काय झालं" यातच जातो.

किती दिवस चालेल? सीबीटीसारख्या ठरावीक पद्धतीत साधारण ६ ते २० सेशन धरतात. जुनं, खोलवरचं दुखणं असेल तर जास्त. पण पहिल्याच दिवशी कोणी २५ सेशनचं पॅकेज आगाऊ भरायला सांगत असेल, "आजच भरलं तर डिस्काउंट" म्हणत असेल, तर उठा. हे जिमचं मेंबरशिप नाही.

विम्याचं थोडक्यात. त्या २०१७ च्याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखेच धरायला सांगितलंय. पण आपल्याकडच्या पुष्कळ पॉलिसी मुळात ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. त्यामुळे आठवड्याच्या सेशनचं बिल मिळेल हे गृहीत धरू नका. पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघा, आणि ऑफिसमध्ये असाल तर एचआरला ईएपीबद्दल विचारा. पुष्कळ कंपन्यांत काही सेशन फुकट मिळतात आणि लोकांना पत्ताच नसतो.

आणि खासगी परवडतच नसेल तर? पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, जे. जे., इथे मानसोपचार विभागाची ओपीडी असते, केसपेपर अगदी थोड्या पैशांत. गर्दी असते, वेळ कमी मिळतो, पण डॉक्टर पक्के. टाटा इन्स्टिट्यूटची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवाही आहे, २०१२ पासून.

[२९:३०] दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर जास्तच त्रास होतोय

होतो. बरेचजण नेमके इथे सोडतात.

कपाट आवरायला काढलं की तासभर खोली आधीपेक्षा जास्त पसरलेली दिसते, तसं काहीसं. पाच वर्षं न बोललेलं बोललात की त्या रात्री झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी अंग जड होतं, उगीच सगळं सांगून बसलो असं वाटतं. म्हणून सेशन लागलीच मीटिंगच्या आधी ठेवू नका. नंतर अर्धा तास मोकळा ठेवा. चहा घ्या, चाला. सगळं एकदम सांगायची सक्तीही नाही. "हे मला आज नको बोलायला" हे वाक्य थेरपीत पूर्णपणे मान्य आहे.

पण त्रास दोन प्रकारचा असतो. एक, बोललेलं ढवळून निघाल्याचा. तो दोन-तीन दिवसांत ओसरतो, आणि कुठेतरी हलकंही वाटतं. दुसरा, समोरच्या माणसामुळे होणारा. तिनं आपल्याला लाज वाटेल असं काही म्हटलं, आपलं ऐकलं नाही. हा दुसरा ओसरत नाही, परत जायच्या आदल्या दिवशी वाढतो.

दुसऱ्या प्रकारात काय करायचं? आपला स्वभाव असा की ब्लॉक करून मोकळं व्हायचं. त्याऐवजी एकदा तोंडावर सांगून बघा. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की आईवडिलांचंही समजून घे, ते मला लागलं." हे अवघड असतं. माझा तर घसा कोरडा पडला होता. पण बघा ना, आयुष्यात किती माणसांना आपण असं सांगू शकतो आणि ते शांतपणे ऐकून घेतात? चांगली थेरपिस्ट म्हणते, "सांगितलंस ते बरं झालं, मला आणखी सांग." मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन भाग मांडले होते. एकमेकांबद्दलचा विश्वास, कुठे पोचायचंय त्यावर एकमत, आणि त्यासाठी काय करायचं त्यावर एकमत. तिसऱ्या-चौथ्या भेटीला स्वतःला हे तीन प्रश्न विचारा. तिन्हीला उत्तर "नाही" असेल, आणि बोलूनही काही बदललं नसेल, तर थेरपिस्ट बदला. तसं सांगितलं तर ती स्वतः दुसऱ्याचं नाव सुचवेल.

काही गोष्टींत मात्र बोलून बघायचीही गरज नाही, सरळ निघा. डॉक्टर नसताना औषध किंवा "नॅचरल" गोळ्या देणं. "तीन सेशनमध्ये डिप्रेशन बंद" अशी हमी. अंगाला हात लावणं, रात्री खासगी मेसेज, बाहेर भेटायला बोलावणं. तुमचा धर्म, उपवास, कुंडली यात घुसणं. तुम्ही गे, लेस्बियन किंवा ट्रान्स असाल आणि कोणी "बरं करून देतो" म्हणालं तर लक्षात ठेवा, २०२२ साली नॅशनल मेडिकल कमिशननं डॉक्टरांसाठी कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. आणि तुम्ही जातीमुळे होस्टेलवर काय सोसलं ते सांगताय आणि समोरून "आता कुठे राहिलीय जात" असं येत असेल, तर त्या खोलीत तुमचं दुखणं मावणार नाही. पहिल्या फोनवरच विचारून घ्या, जातीच्या, लैंगिकतेच्या अनुभवांवर काम केलंय का.

[३५:४०] "गोळ्या लिहून दिल्या म्हणजे मी वेडा का?"

कधी कधी थेरपिस्टच म्हणते की एकदा सायकियाट्रिस्टना भेटून ये. याचा अर्थ केस हाताबाहेर गेली असा नाही. झोपच नसेल, उठवत नसेल, तर बोलण्याचं काम करायला तरी अंगात बळ हवं, ते औषध देतं. ते आधी थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगतील, कारण तिथे गडबड असली तरी थकवा आणि उदासी येते. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत निकाल लावू नका. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळूच.

घरच्यांचं? "आम्ही काय मेलोय का, आमच्याशी बोल की," हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात येतं. त्यात राग कमी आणि दुखावलेपण जास्त असतं. वादात जिंकायला जाऊ नका. "तुमच्याशी नीट बोलता यावं म्हणूनच जातोय" असं सांगून बघा, बऱ्याचदा चालतं. आणि सांगायचंच नसेल तर नका सांगू, तुम्ही सज्ञान आहात.

वन बीएचकेत सहाजण राहत असतील तर ऑनलाइन सेशन कुठून घ्यायचं? लोक गच्चीवरून घेतात, पार्किंगमधल्या गाडीत बसून घेतात, सोसायटीच्या बागेतून घेतात. इअरफोन लावा. आणि कोणी आलंच तर एक खुणेचा शब्द आधी ठरवून ठेवा. तुम्ही "हो सर, फाइल पाठवतो" म्हणालात की थेरपिस्टनं विषय बदलायचा.

[३९:१५] तो मेसेज

नाशिकच्या मैत्रिणीला वचन दिल्याप्रमाणे, हा घे. कॉपी कर, हवा तसा बदल:

"नमस्कार, तुमचा नंबर एका मैत्रिणीकडून मिळाला. मला वैयक्तिक समुपदेशन सुरू करायचं आहे. माझं वय अमुक. गेले काही महिने झोप आणि मूड ठीक नाही. मराठीतून सेशन घेता का? फी किती आहे आणि संध्याकाळची वेळ मिळेल का? तुमचं शिक्षण आणि नोंदणी याबद्दल सांगाल का?"

यात आयुष्याची कहाणी नाही, मुद्दाम. ती खुर्चीत बसल्यावर. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर तुझ्यात काही खोट आहे असं समजू नकोस. त्यांचे दिवस भरलेले असतात. आणखी दोघांना पाठव.

आणि कधीतरी थांबायची वेळ येईल, बरं वाटलं म्हणून किंवा जमत नाही म्हणून, तेव्हा एक शेवटचं सेशन घेऊन थांब. अचानक गायब होऊ नकोस. त्या सेशनमध्ये काय बदललं ते बोलता येतं, आणि परत त्रास झाला तर कशावरून ओळखायचं, तेही ठरवता येतं.

सोलापूरच्या दादा, तुम्ही त्याच थेरपिस्टकडे परत जाणार की नवीन शोधणार, ते कळवा. आणि मंडळी, पुढच्या भागात झोपेवर बोलू. व्हॉइस नोट दोन मिनिटांच्या आत ठेवा, प्लीज!